प्रार्थनेला आकडेवारीची साक्ष कशाला?

पत्र:

मी औषधांच्या चाचण्यांमध्ये संख्याशास्त्रज्ञ म्हणून काम करते. 'आमच्या एका रुग्णाला चांगला गुण आला' असं कुणी म्हणालं, की 'एका रुग्णावरून काहीही ठरत नाही' असं मी लगेच ऐकवते. आणि घरी मी रोज प्रार्थना करते, लहानपणापासून. तीन वर्षांपूर्वी रक्तातल्या जंतुसंसर्गाने आई अतिदक्षता विभागात होती. त्या रात्री मी जितक्या कळवळून प्रार्थना केली, तितकी आयुष्यात केली नसेल. आई वाचली. शेजारच्या खाटेवरच्या बाई गेल्या; त्यांच्या मुलीही बाहेर माझ्यासारखीच प्रार्थना करत बसल्या होत्या. माझी प्रार्थना ऐकली गेली असं मला आतून वाटतं आणि तसं वाटतं याची कामावर लाज वाटते. गेल्या महिन्यात माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने विचारलं, "देव आहे याला पुरावा काय?" ऊर्जा नष्ट होत नाही, क्वांटममध्ये बघणाऱ्यामुळे वास्तव बदलतं, असं काहीबाही मी सांगितलं. तो म्हणाला, "आई, हे तू तुझ्या ऑफिसात बोलशील का?" वर म्हणाला, "पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये चहाची किटली फिरतेय, हेही कुणाला खोडता येणार नाही. मग तिचीही प्रार्थना करायची का?" मी निरुत्तर झाले. मी दुटप्पी आहे का? श्रद्धा सोडू, की डोकं बाजूला ठेवू?

— दोन्हीकडची

उत्तर:

तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमच्या मुलाने विचारलाय. 'हे तू तुझ्या ऑफिसात बोलशील का?' चौदाव्या वर्षी इतकं नेमकं बोट ठेवणं सोपं नाही. हे तो कुठून शिकला असेल याचा माझा अंदाज असा, की तुमच्याचकडून.

पुढे जाण्याआधी सांगून टाकते की मी स्वतः प्रार्थना करत नाही. माझं म्हणणं कितपत मनावर घ्यायचं ते त्यावरून ठरवा.

आधी ऊर्जा आणि क्वांटम निकालात काढू. भौतिकशास्त्रातली ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. माणूस गेल्यावर शरीरातल्या रासायनिक ऊर्जेचं काय होतं हे नीट माहीत आहे. काही उष्णता होऊन आजूबाजूला जाते, बाकीची शरीराचं विघटन करणाऱ्या जिवाणूंच्या वाट्याला येते. हिशेब पूर्ण लागतो. आत्मा म्हणावा असं काही त्यात शिल्लक उरत नाही. क्वांटममधला 'बघणारा' म्हणजे कणाची वाट नोंदवणारी कुठलीही भौतिक यंत्रणा. दोन फटींच्या प्रयोगात दोन बारीक फटींतून कण सोडले की मागच्या पडद्यावर पट्ट्यांची नक्षी उमटते. खोलीत एकही माणूस नसला आणि कण कुठल्या फटीतून गेला याची नोंद नुसत्या यंत्राने केली, तरी ती नक्षी मोडते. माणसाच्या जाणिवेची त्यात गरज पडत नाही. तुम्ही हे ऑफिसात बोलला नसतात, कारण हा पुरावा नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. दुटप्पीपणा म्हणायचाच तर तो एवढाच, आणि तो प्रार्थनेत नाही. प्रार्थनेच्या बाजूने तुम्ही जो उसना साक्षीदार उभा केलात, त्यात आहे.

श्रद्धेला विज्ञानाचं प्रमाणपत्र मिळवून द्यायचा मोह भल्याभल्यांना होतो. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधले कॅथलिक धर्मगुरू आणि विश्वशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावतंय हे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून त्यांनी १९२७ मध्ये मांडलं. १९३१ मध्ये, या सगळ्याची सुरुवात एका 'आदिअणू'पासून झाली असावी, अशी कल्पनाही पुढे आणली. महास्फोटाच्या सिद्धान्ताचं बीज ते. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात सुचवलं, की आधुनिक विज्ञान आता निर्मितीच्या क्षणाचीच साक्ष देऊ लागलंय. ज्याच्या संशोधनाचा आणि ज्याच्या धर्माचाही असा गौरव होतोय, त्या माणसाला आनंद व्हायला हवा. लमेत्र मात्र नाराज झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या आणि अध्यात्माच्या प्रश्नांपासून पूर्ण बाहेर आहे, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत टिकली. त्यांची श्रद्धाही टिकली. मला यात मोठा शहाणपणा दिसतो. आज जो सिद्धान्त देवाची साक्ष म्हणून उभा केला, तो उद्या सुधारला किंवा बदलला तर देवालाही बदलायला लावणार का? आणि साक्ष काढायचीच असेल, तर उलटतपासणीलाही तयार राहावं लागतं.

उलटतपासणी झालेली आहे, आणि तुमच्याच क्षेत्रात. २००६ मध्ये 'अमेरिकन हार्ट जर्नल'मध्ये आलेली हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांची चाचणी तुम्हाला कदाचित माहीत असेल. सहा रुग्णालयं, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं, की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. प्रत्यक्षात एका गटासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला नक्की होणार असं सांगितलं आणि ती झालीही. गुंतागुंतीचं प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के. म्हणजे काही फरक नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे पक्कं ठाऊक होतं, त्या तिसऱ्या गटात ५९ टक्के. का, ते त्या चाचणीतून ठरत नाही. आपल्यासाठी प्रार्थना करवण्याइतकी प्रकृती बिघडली की काय, या धास्तीने असेल, असा तर्क पुढे केला गेला. बहुतेक पैसा अध्यात्माबद्दल आस्था असलेल्या एका प्रतिष्ठानाचा होता, त्यामुळे प्रार्थनेचं वाईट चिंतणाऱ्यांनी हा घाट घातला असंही म्हणायची सोय नाही.

आता उलट्या बाजूची गंमत. २००१ च्या डिसेंबरमध्ये लेओनार्ड लिबोविची या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात एक चाचणी छापली. रक्तातल्या जंतुसंसर्गाचेच रुग्ण, ३३९३. पण ते १९९० ते १९९६ या काळात रुग्णालयात होते, आणि त्यांचे गट पाडून एका गटासाठी प्रार्थना केली ती २००० साली! म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर किंवा वारल्यावर काही वर्षांनी. निकाल? प्रार्थना केलेल्या गटाचा रुग्णालयातला मुक्काम आणि ताप, दोन्ही कमी भरले, आणि फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा. मृत्यूंत मात्र तसा फरक नव्हता. कालप्रवाह उलटा वाहतो हे लिबोविचींना सिद्ध करायचं नव्हतं. ज्या प्रश्नाला जगाच्या आपल्या समजुतीत मुळात जागाच नाही, तो चाचणीत घातला तरी यंत्र काहीतरी आकडा बाहेर टाकतंच, हे त्यांना दाखवायचं होतं. काही भाबड्या मंडळींनी तो निबंध पुरावा म्हणून मिरवला, हा भाग वेगळा.

तर आईसाठी केलेल्या प्रार्थनेने रोगाची दिशा बदलली, या म्हणण्याला आधार नाही, आणि हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळतं. पण तुमच्या पत्रात मी थांबले ते इथे नाही. मी थांबले शेजारच्या खाटेपाशी. ते वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे गेलात, पण ते लिहिलंत. वगळता आलं असतं. खरी टोचणी तिथे आहे असा माझा कयास आहे.

'माझी ऐकली गेली' असं म्हणताना आपण न बोलता दुसरंही एक वाक्य म्हणत असतो: 'त्यांची ऐकली गेली नाही.' मग का नाही, याला उत्तर द्यावं लागतं. त्यांची भक्ती कमी पडली? त्या बाई कमी योग्य होत्या? कुणी म्हणेल, देवाचं उत्तर कधी 'हो' असतं, कधी 'नाही', आणि दोन्ही आपल्या भल्याचंच असतं. असं मानायला माझी हरकत नाही, पण त्याची किंमत मोजावी लागते. कुठलाही निकाल लागला तरी जे म्हणणं खरंच ठरतं, त्याला आईच्या बरं होण्याचा आधार घेता येत नाही. 'नाही' हा जर नकाराचा पुरावा नसेल, तर 'हो' हाही होकाराचा पुरावा नव्हे.

म्हणून मुलाच्या कसोटीला मी आणखी एक जोडेन. श्रद्धेचं जे वाक्य तुम्ही जगाविषयी म्हणून मांडाल, ते ऑफिसात बोलता यायला हवं. आणि जे माणसाच्या भाग्याविषयी मांडाल, ते त्या दोघी-तिघी मुलींच्या समोर उभं राहून बोलता यायला हवं. 'देवाने माझ्या आईला वाचवलं' हे वाक्य दोन्हीकडे पडतं. ते सोडा. सोडताना दुखेल, कारण त्या रात्रीची आठवण त्यावर उभी आहे. पण त्याखाली जे आहे ते पडत नाही. तुम्ही घाबरला होतात, करण्यासारखं हातात काही उरलं नव्हतं, आणि अशा वेळी तुम्ही लहानपणापासून जिथे वळत आलात तिथेच वळलात. आई वाचल्यावर मन भरून आलं. कृतज्ञ व्हायला दुसऱ्या कुणाचा अर्ज फेटाळला गेला असं मानायची गरज नसते. वेळेवर मिळालेली प्रतिजैविकं, रात्रभर जागलेल्या परिचारिका, जिवाणूचा प्रकार, वय, किती तास आधी पोचलात हा निव्वळ योग; हे सगळं खरं आहे, आणि त्याबद्दलही हात जोडावेसे वाटू शकतात.

'पण मला आतून वाटतं,' असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला तसं वाटतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र प्रामाणिकपणा म्हणजे अचूकपणा नव्हे. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबलं फिरवण्याची लाट आली होती. चारचौघांनी टेबलावर हात ठेवून बसायचं, आणि टेबल आपोआप सरकायचं. कुणी म्हणे आत्मे, कुणी म्हणे वीज. विजेवर मूलभूत संशोधन करणारे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे स्वतः कडवे श्रद्धाळू, एका लहानशा ख्रिस्ती पंथातले, काही काळ त्या पंथाचे ज्येष्ठही होते. त्यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ, सरकू शकेल अशा लुकणाने चिकटवलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. टेबल आपणहून हलत असेल तर खालचा थर आधी सरकेल. हात ढकलत असतील तर वरचा. वरचा सरकला. मग त्यांनी हात ढकलतात हे दाखवणारा एक हलका काटा बसवला, आणि त्या काट्याकडे बघत बसल्यावर टेबलं हलेनाशी झाली. बसलेल्यांपैकी कुणीही फसवत नव्हतं. आपण ढकलतोय हे त्यांना खरोखरच जाणवत नव्हतं. फॅरडेंनी 'द टाइम्स'ला पत्र लिहून हे जाहीर केलं, आणि पंथाच्या सभांनाही ते पहिल्यासारखेच जात राहिले.

ते दोन्ही कसं सांभाळत? पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, एका व्याख्यानात त्यांनी सरळ सांगितलं, की धार्मिक श्रद्धा आणि रोजच्या व्यवहारातलं मानणं यांत आपण पक्का भेद करतो. १९९७ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी जवळपास हेच जास्त डौलदारपणे मांडलं: जग कसं आहे हा विज्ञानाचा प्रांत, अर्थ आणि मूल्यं हा धर्माचा, आणि दोन्ही एकमेकांवर चढत नाहीत. ही वाटणी ऐकायला छान आहे. मला ती पुरती पटत नाही. धर्म स्वतःच्या प्रांतात थांबत नाहीत. जग किती जुनं आहे, आजार कशाने होतो, कुणाचा जन्म कशामुळे खालचा, याबद्दल ते नेहमीच बोलत आलेत. तिथे त्यांना ऑफिसची कसोटी लावावी लागतेच, आणि त्यातलं बरंचसं तिथे टिकत नाही. श्रद्धाळू माणसाने हा भाग स्वतःहून मोकळा करावा. कुणी खेचून घेईपर्यंत थांबू नये.

पण गूल्ड यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग खराच आहे. जग कसं आहे यातून आपण कसं वागावं हे आपोआप निघत नाही, हे अठराव्या शतकातच तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी दाखवलंय. तुमच्या आकड्यांनी ठरतं की अमुक औषध तमुक टक्के रुग्णांना लागू पडतं. ते महाग असेल तर आधी कुणाला द्यायचं हे आकड्यांनी ठरत नाही. मरणाऱ्या माणसाशेजारी का बसायचं, हेही नाही. या प्रश्नांपुढे काही माणसं शांत बसून विचार करतात, काही प्रार्थना करतात. मी पहिल्या जातीची, तुम्ही दुसऱ्या. यात तुमचं अज्ञान आणि माझं ज्ञान, असं मला वाटत नाही.

आता किटली. ती तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची, १९५२ मधली, आणि मुलाचा मुद्दा बिनतोड आहे. जे खोडता येत नाही ते त्यामुळे खरं ठरत नाही, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. 'किटलीमुळे कुणाचं आयुष्य बदललेलं नाही, देवामुळे बदललंय' असं उत्तर तुम्हाला सुचेल. ते देऊ नका. आयुष्य बदलणं हा श्रद्धेच्या ताकदीचा पुरावा आहे, देवाच्या अस्तित्वाचा नव्हे. ध्यानधारणेचंच बघा. २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये ४७ चाचण्यांचा आणि ३५१५ लोकांचा एकत्रित आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर लहानसा, पण खरा फायदा दिसला. व्यायाम किंवा औषधोपचारापेक्षा सरस मात्र काही दिसला नाही. त्यावरून ध्यानाबद्दल काही कळतं. ध्यान करताना ज्याचं नाव घेतलं, त्याच्याबद्दल काहीच कळत नाही.

म्हणून मुलाला खरं उत्तर द्या: "पुरावा नाही." हे दोन शब्द तुम्ही त्याला कधी ऐकवले नसावेत असं वाटतं. तो लगेच विचारेल, "मग का करतेस?" याचं उत्तर मी लिहून देऊ शकत नाही, कारण ते तुमचं असायला हवं. पण काय टाळायचं ते सांगते. 'मोठा झालास की कळेल' नको. 'सगळेच करतात' नको. 'मोठमोठे शास्त्रज्ञही देव मानत' हे तर मुळीच नको. भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम निष्ठावान मुस्लिम, स्टीव्हन वाइनबर्ग उघड नास्तिक; दोघं स्वतंत्रपणे मूलकणांविषयीच्या एकाच सिद्धान्ताला पोचले आणि १९७९ चं नोबेल शेल्डन ग्लॅशो यांच्यासह वाटून घेतलं. १९८३ मध्ये त्यांनी भाकीत केलेले डब्ल्यू आणि झेड नावाचे मूलकण सापडले, ते कुणाच्या श्रद्धेची चौकशी करून सापडले नाहीत. सलाम यांचं नाव घेऊन तुम्ही जिंकाल, तर वाइनबर्ग यांचं नाव घेऊन मुलगा तुम्हाला हरवेल.

शेवटी त्याने ठरवलं की मला हे नको, तर नको. त्याला प्रार्थनेला बसवू नका. ज्या घरात आईला प्रश्न विचारता येतो, तिथे 'नाही' म्हणायचीही मोकळीक हवी.

श्रद्धा सोडू का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. निदान माझ्या सांगण्यावरून तरी नको. ती कुठे थांबते एवढं बघा. त्या रात्री तुम्ही आईला आधी रुग्णालयात नेलंत आणि मग प्रार्थना केलीत. हा क्रम तुम्हाला कुणी शिकवावा लागला नाही. उपचार, पैसा आणि दुसऱ्याचे हक्क या तिन्ही बाबतींत तो क्रम उलटा झाला, तर माझं उत्तर बदलेल आणि सूरही बदलेल.

राहिली कामावरची लाज. सहकाऱ्यांसमोर जाहीर कबुली द्यायचं कारण नाही, आणि कुणी विचारलं तर लपवायचंही नाही. 'हो, करते' पुरे. 'पण त्यात विज्ञान आहे' हे शेपूट जोडू नका. एक खबरदारी मात्र घ्या. ध्यानावरची किंवा प्रार्थनेवरची एखादी चाचणी कधी तुमच्याकडे आली, तर विश्लेषणाचा आराखडा आकडे उघडण्याआधी लिहून बंद करा, गट कोणता हे न कळता काम करा, आणि तपासायला अशा सहकाऱ्याला द्या ज्याला तुमच्या प्रार्थनेचं हसू येतं.